दुपारचे दोन

पहिल्या बक्षिसाचं नाव पुकारलं तेव्हा पुण्याच्या त्या सभागृहात लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि मी, भरतेश मगदूम, राहणार मिरज, वय चव्वेचाळीस, अंगावर शाल घेऊन व्यासपीठावर हमसून हमसून रडत होतो. खरं रडत होतो हो, नाटक नव्हतं. परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या, "या चित्रानं एका मुक्या माणसाला वाचा दिली आहे." मला ते शंभर टक्के पटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की आपल्याच थोबाडीत दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं.

तो मुका माणूस म्हणजे माझे वडील, आप्पा. मिरज स्टँडवर एसटीचे वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढली त्यांनी. दोन हजार चाळीसच्या दिवाळीनंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. "ऊं" एवढाच आवाज उरला. दुखलं तरी ऊं, तहान लागली तरी ऊं, मला बघून बरं वाटलं तरी ऊं. आता यातलं कुठलं ऊं कशाचं, हे ओळखायचं कसं?

बायको त्रिशला शाळेत शिकवते, मी दिवसभर कामावर. म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आप्पांना सांभाळायला मार्थाबाई लोंढे यायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दवाखान्यात आया म्हणून वीस वर्षं राबलेल्या. आजाऱ्यांना सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आल्या होत्या, पण चौदा महिन्यांत घरच्याच झाल्या होत्या. मला दादा म्हणायच्या, त्रिशलाला वैनी.

आणखी एक सांगायला हवं. आम्ही जैन. आप्पांनी विसाव्या वर्षी एका मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता, की सूर्य मावळला की तोंडात काही घालायचं नाही. स्टँडवर दुपारपाळी असली की पाचलाच डबा उघडून बसायचे. ड्रायव्हर-कंडक्टर चेष्टा करायचे, आप्पा हसून पोळी मोडायचे. आजारपणात डॉक्टर म्हणाले, वजन घटतंय, पोटात जास्त जायला पाहिजे. मार्थाबाई साडेपाचला त्यांना मऊ भात भरवून मगच घरी जायच्या. मी सातला यायचो, हातपाय धुवायचो आणि साडेसातला आप्पांच्या कॉटवर बसून वाटीभर दूध, त्यात ती डॉक्टरांची पावडर, स्वतःच्या हातानं चमच्या-चमच्यानं पाजायचो.

त्रिशला एकदा म्हणाली, "अहो, आप्पांना रात्रीचं चालत नाही ना?"

"आजारपणात सगळं चालतं," मी म्हणालो. "आणि त्यांना काय कळतंय आता?"

दिवसभरात बापासाठी मी जे काही करायचो ते एवढंच, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

तर ती पट्टी, आप्पांना आम्ही लावून घेतलेली. आता गल्लोगल्ली दिसते, पण एक्केचाळीस साली नवीन होती. नखाएवढी, कानामागं चिकटवायची. माणसाला त्रास झाला की तोंड बोलो न बोलो, शरीर गप्प बसत नाही. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त व्हायला लागतं, कातडीवर डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक घाम येतो, श्वास तुटक होतो, कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू आवळतात. पट्टी हे सगळं दर दहा सेकंदांनी मोजते. बोलू शकणाऱ्या हजारो रुग्णांना आधी ही पट्टी लावून, "आत्ता किती त्रास होतोय?" असं विचारून विचारून एका संगणकाला शिकवलेलं असतं, की शरीराची कुठली लक्षणं म्हणजे किती त्रास. त्यावरून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. त्याला म्हणतात त्रासांक. किती त्रास आणि कधी, एवढंच पट्टी सांगते. का, ते सांगत नाही. ते 'का' आपण आपल्या पदरचं घालायचं असतं.

तो आकडा घरच्यांना चालू असताना दिसत नसे. दिसला तर माणसं घाबरून तासातासाला दवाखाना गाठतील, म्हणून पट्टीवर नुसता एक हिरवा दिवा. सगळी नोंद पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जमा व्हायची आणि मागितली तर आपल्या माणसाची फाइल मिळायची.

बेचाळीसच्या जानेवारीत त्या संस्थेनं स्पर्धा जाहीर केली. पट्टीच्या नोंदींचं असं चित्र काढा, की आकड्यांचा गंध नसलेल्या माणसालाही एका नजरेत कळावं. अट एकच, सॉफ्टवेअर ओपन सोर्स पाहिजे. म्हणजे फुकट मिळणारं, ज्याचा आतला कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढं वाटता येतो असं. आपण लिहिलेला प्रोग्रामही तसाच उघड्यावर ठेवायचा. हजार माणसं वाचतील आणि चूक असली तर कुणीतरी पकडेल, असा त्यामागचा हिशोब. प्रत्यक्षात काय होतं, तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल.

माझं पोटापाण्याचं कामच ते. द्राक्षांच्या शीतगृहांत तापमापकं बसवलेली असतात. त्यांच्या आकड्यांचे आलेख काढून मी मालकांना दाखवतो, कुठल्या खोलीत कधी गारवा कमी पडला. म्हटलं, आयुष्यभर द्राक्षांचं चित्र काढलं, आता बापाचं काढू. आप्पांची फाइल उतरवून घेतली. दोनशे दहा दिवस, अठरा लाखांवर आकडे. वेळेच्या रकान्यात प्रत्येक वेळेमागं एक इंग्रजी अक्षर चिकटलेलं होतं आणि सॉफ्टवेअर तिथं अडून कटकट करत होतं. मी एका ओळीत ते छाटलं आणि पुढं गेलो. असली साफसफाई आम्ही दिवसातून पन्नास वेळा करतो.

चित्र असं बेतलं होतं. एक दिवस म्हणजे एक कडं. चोवीस तासांचं घड्याळ, मध्यरात्र वर, दुपारचे बारा खाली. अशी दोनशे दहा कडी एकात एक बसवली. त्रास नसेल तिथं निळा रंग, वाढेल तसा पिवळा, मग लाल. रंग भरून झाले आणि मी खुर्चीतून उठलोच. दुपारी दोनच्या जागी, आतल्या कड्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत, लालभडक पाचर. रोज. एक दिवसाचा खाडा नाही. आणि साडेसातला, मी आप्पांजवळ बसतो त्या वेळेला, गडद निळा.

"त्रिशला, इकडं ये. हे बघ." मी तिला चित्रासमोर ओढलं. "मी असतो तेव्हा आप्पा किती शांत असतात बघ. आणि दोनला घरात कोण असतं?"

ती लॅपटॉपशी वाकली. "मार्थाबाईंना विचारा तरी एकदा. दोनला काय करतात त्या, ते विचारा."

"चोरी केलीस का असं चोराला विचारतात होय?"

"आणि हे काय?" तिनं वरच्या बाजूला बोट ठेवलं. "मध्यरात्रीनंतर पिवळं दिसतंय. आप्पा तर छान घोरत असतात तेव्हा."

"ते तुला वाटतं. आतून बेचैन असतात बिचारे."

मी शेजारच्याच खोलीत झोपायचो. त्यांचं घोरणं मलाही ऐकू यायचं. पण चित्र म्हणत होतं जागे आहेत, आणि मी कान सोडून चित्रावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी न सांगता दोनला घरी आलो. दार लोटलं, तर मार्थाबाई आप्पांचा लुळा हात वर धरून खांद्यातून फिरवत होत्या आणि आप्पा "ऊं, ऊं" करत होते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"सोडा तो हात!"

मार्थाबाई दचकल्या, पण हात सोडला नाही, अलगद खाली ठेवला. "दादा? तुम्ही ह्या वेळेला? व्यायाम देतीया. सांधा धरलाय न्हवं. डॉक्टरांनीच सांगितलाय."

"रोज दोनला?"

"व्हय, जेवण जिरलं की. का हो?"

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर धरला. "हे बघा. सात महिने. रोज दोन वाजता माझ्या बापाचे हाल चाललेत."

त्यांनी पदरानं डोळे पुसून नीट बघितलं. "मला ह्यातलं काय कळत न्हाई दादा. आप्पांनाच विचारा की. ते डोळ्यानं सांगतात. व्हय असलं की एकदा मिटतात, न्हाई असलं की बघतच राहतात."

"माझा बाप मला शिकवू नका. उद्यापासून येऊ नका."

त्यांनी पिशवी घेतली, आप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. आप्पांनी तेव्हा मोठ्यांदा ऊं केलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा म्हणतायत.

ब्युरोकडे लेखी तक्रार केली, सोबत चित्र जोडलं. स्पर्धेतही तेच पाठवलं, नाव दिलं 'दुपारचे दोन'. मग दुसरी बाई आली. पंधरा दिवसांनी नवी फाइल मागवली, तर दोनची लाल पाचर होती तशीच, उलट रुंद झालेली. तिला काढलं. तिसरी आली, तीही तशीच निघाली. म्हटलं, सगळी जमातच एकजात. मग मी ठरवलं की दुपारनंतर या बायकांनी आप्पांना काही भरवायचंच नाही. साडेपाचचा भात बंद. साडेसातला मी स्वतः दोन वाट्या भरवीन, पोटभर. माझ्या हातून काय बाधायचंय त्यांना?

मार्चमध्ये बक्षीस मिळालं. त्रिशला पुण्याला आली नाही, पेपर तपासायचेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चित्र छापून आलं, 'मुक्या बापाची साक्ष' असा मथळा. मार्थाबाईंचं नाव नव्हतं त्यात, पण मिरजेत कुणाला कळायचं राहतंय? ब्युरोनं त्यांचं नाव यादीतून खोडलं.

प्रोग्राम उघडाच होता. कुणीही उतरवून घ्यावा, आपल्या माणसाची फाइल घालावी, दोन मिनिटांत चित्र हजर. दोन महिन्यांत तीस हजार घरांनी घेतला. आणि नवल असं, की घरोघरी तेच. दुपारी दीड ते साडेतीन लाल, संध्याकाळभर निळं. 'दुपारच्या बायका' असा शब्दच निघाला. कुठं कॅमेरे लागले, कुठं बायकांच्या पिशव्या तपासायला लागले, कुठं थेट पोलिसात गेले. कामाला गेलेली बाई महिन्याभरात घरी परत. मला रोज फोन यायचे, लोक आभार मानायचे. एक गृहस्थ लातूरहून फोनवर रडले आणि म्हणाले, तुमच्यामुळं माझी आई वाचली. मी छाती फुगवून ऐकून घ्यायचो.

मे महिन्यात आप्पा गेले.

शेवटी शेवटी तोंडच उघडत नव्हते. जबडा आवळून धरायचे. मला वाटलं लकव्यानं जबडा धरलाय. डाव्या हातानं हनुवटी धरायचो, "आ करा आप्पा, एकच घास, माझ्यासाठी," म्हणत चमचा दातांतून आत सारायचो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी समजायचो, पोराची माया बघून डोळे भरून येतायत.

जूनमध्ये एका रविवारी फोन आला.

"मगदूम सर बोलून राहिले का? मी वाशिमहून कुमुदिनी इंगोले बोलते. शाळेत गणित शिकवते. तुमच्या प्रोग्रामबद्दल विचारायचं होतं जी."

"बोला ना."

"आमच्या सासूबाईंची फाइल टाकली त्याच्यात. तर ते म्हणते, सासूबाई दुपारी साडेचारलाच झोपतात अन् रात्री साडेअकराला उठतात. आता साडेचारला तर त्या टीव्हीसमोर असतात. बोलता येत नाही त्यांना, पण कोणी चॅनल बदललं तर चमचा फेकून मारतात." बाई हसल्या. "मले वाटलं पट्टीच खराब आहे. मग तुमचा कोड वाचला. एकेचाळिसाव्या ओळीत तुम्ही वेळेमागचं अक्षर काढून टाकलं न?"

"हो, ते फालतू काहीतरी..."

"फालतू नाही न सर. ही जागतिक वेळ आहे, असं सांगते ते अक्षर. पट्ट्या साऱ्या जगात विकतात, म्हणून नोंद एकाच वेळेत ठेवतात, लंडनच्या बाजूची. आपलं घड्याळ तिच्याहून साडेपाच तास पुढं. तेवढे मिळवा लागतात. तुम्ही मिळवलेच नाहीत."

शीतगृहांची घड्याळं सगळी इथली, इथल्याच वेळेची. वीस वर्षांच्या कामात साडेपाच मिळवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

"सर? ऐकून राहिले न? आधी मेसेजही टाकला होता. एवढ्या लोकांनी वापरलं अन् कोणी पाह्यलं नाही, म्हणून म्हटलं फोनच करावा."

फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. साडेपाच तास मिळवणारी एक ओळ लिहिली, पुन्हा चित्र काढलं.

चित्र तसूभरही बदललं नाही. तीच कडी, तेच रंग. सगळं मिळून फिरलं फक्त, पाव वर्तुळाला थोडं कमी. दोनवरची लाल पाचर सरकली आणि साडेसातवर जाऊन बसली. संध्याकाळचे साडेसात. मी, माझी वाटी आणि माझा चमचा. ज्या गडद निळ्यावर मी एवढा भाळलो होतो, तो रात्री एकला गेला, आप्पा घोरत असायचे त्या वेळेला. दुपारी दोनला, हाताच्या व्यायामाला, फिकट पिवळं. आणि साडेपाचला, मार्थाबाई भात भरवायच्या तेव्हा, चक्क निळं.

त्रिशला मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. म्हणालो, "पण दूध तर पाजत होतो गं मी. मारत नव्हतो. त्रास कसला झाला त्यांना?"

"सूर्य मावळल्यावर पाजत होतात," ती म्हणाली.

मी साडेसातवरच्या लाल पाचरीकडं वळलो.

"पन्नास वर्षं पाळलेला नियम. तुम्ही रोज त्यांच्या तोंडात चमचा घालून मोडत होतात. नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून दात आवळून धरत होते ते. मार्थाबाई गेल्यावर तर तुम्ही साडेपाचचंही बंद केलंत. म्हणजे उपाशी राहायचं, नाहीतर नियम मोडायचा."

"मग तू थांबवलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, त्यांना काय कळतंय." ती स्वयंपाकघराकडं वळली, मग थांबून म्हणाली, "दुसऱ्यांदा सांगितलं नाही, ही माझी चूक. ती माझी मी बघेन." त्या दिवसापासून ती मला ताट वाढते, पण माझ्याबरोबर जेवायला बसत नाही.

मार्थाबाई तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला जातात असं कळलं. गेलो. लांबलचक टेबलं, बायका ओळीनं बसून बेदाण्याच्या काड्या काढत होत्या. मला बघून त्या उठून बाहेर आल्या, हात ओच्याला पुसत.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "आप्पा कसे हायत?"

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की त्यांना कुणी कळवलंच नाही. "गेले," मी म्हणालो. "मे महिन्यात."

त्या तिथंच पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावून हुंदके देत राहिल्या. मी समोर उभा. माझी चूक, साडेपाच तास, फिरलेलं चित्र, सगळं घडाघडा बोलून टाकलं. त्यांनी अर्धंच ऐकलं असेल. मग डोळे पुसून म्हणाल्या, "रात्रीचं शेवटपर्यंत पाजत हुता?"

"हो."

"मी इचारलं हुतं आप्पांना. म्हटलं, आप्पा, दादा रात्रीचं दूध पाजतात, चालतंय का तुम्हाला? ते बघतच राहिले. दोनदा इचारलं, दोन्हीदा बघतच राहिले. डोळ्यात पाणी."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"कसं सांगायचं दादा? तुम्ही लेक, मी कामाची बाई. तुम्ही किती हौसेनं पाजत हुता."

मी म्हणालो, ब्युरोत चला, मी लिहून देतो, सगळ्यांसमोर माफी मागतो.

"द्या लिहून. पण मी न्हाई येत. आता कुठल्या बी घरात गेले तरी माणसं माझ्या हाताकडंच बघत बसणार. इथं बरी हाय, बेदाण्याला काय दुखत न्हाई." आतून मुकादमानं हाक मारली आणि त्या उठून गेल्या.

घरी येऊन संस्थेला पत्र लिहिलं, बक्षीस परत घ्या म्हणून. उत्तर आलं, की बक्षीस परत घेण्याची तरतूद नियमात नाही, आपण चित्राखाली तळटीप द्यावी. बरं. तळटिपेवर भागवणारा मी आता राहिलो नव्हतो. नवा, दुरुस्त केलेला प्रोग्राम चढवला. उघडला की पहिल्या पानावरच मोठ्या अक्षरांत: आधीचं चित्र चुकीचं होतं, मार्था लोंढे यांनी माझ्या वडिलांना कसलाही त्रास दिला नाही, तो मी दिला, आणि ज्यांनी ज्यांनी माझ्या चित्रावरून कुणाला कामावरून काढलं असेल त्यांनी नवं चित्र काढून बघावं.

लोकांनी बघितलं. घरोघरची लाल पाचर दुपारवरून उठून संध्याकाळी सात ते नऊवर जाऊन बसली. म्हणजे माणसं कामावरून घरी येतात, टीव्ही मोठा होतो, सगळे मिळून पेशंटभोवती बसतात, पोरं अंगाखांद्यावर चढतात, सुना-मुलगे त्याच्या देखत त्याच्या औषधांवरून भांडतात, ती वेळ. दुपारी बाईबरोबर एकटं असताना बहुतेक सगळे निवांत. माझ्या मते अख्ख्या स्पर्धेतून निघालेली खरी गोष्ट ती एवढीच. आणि ती कुणालाही नको होती. मला शिव्यांचे मेसेज सुरू झाले. बाप गेल्यावर याचं डोकं फिरलंय. बायकांच्या ब्युरोनं याला विकत घेतलंय. लातूरचे ते गृहस्थ पुन्हा फोनवर आले, या वेळी रडले नाहीत.

आणि मग कुणीतरी माझा जुना प्रोग्राम उचलला, पहिलं पान काढून टाकलं, रंग थोडे आणखी ठसठशीत केले आणि 'घरगुती आवृत्ती' या नावानं पुढं वाटायला सुरुवात केली. तक्रार तरी कुणाकडं करायची? घ्या, बदला, वाटा, असं मीच लिहून दिलेलं होतं. माझी दुरुस्त आवृत्ती महिन्याभरात सहाशे लोकांनी घेतली. घरगुती आवृत्ती चाळीस हजारांनी.

परवा दुपारी त्रिशलाच्या भावाचा, वीरसेनचा, इचलकरंजीहून फोन आला. माझ्या सासूबाईंनाही गेल्या वर्षी लकवा झालाय आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी पट्टी लावून घेतली आहे.

"दाजी, तुमचा प्रोग्राम म्हंजे एक नंबर हाय बघा. आईची फाइल घातली, तर दोन-अडीचला लालभडक! सांभाळायला येती त्या बाईला आत्ताच सांगितलं, ऊठ, चालती हो म्हणून."

"वीरसेन, थांब. ती जुनी, चुकीची आवृत्ती आहे. माझी नवी लाव."

"नवी लावली की आधी. ती भलतंच दाखवतीया. म्हणं रात्री आठला लाल. आठला तर आम्ही सगळे आईच्या खोलीतच असतो. जेवणं तिथं, टीव्ही तिथं. आम्ही आईला त्रास देतो व्हय?"

"देत असाल. विचार तिला. हो असलं तर डोळे मीट म्हणावं, नाही असलं तर..."

"दाजी." त्याचा आवाज बदलला. "तुमच्या घरात झालं ते वाईटच झालं. पर ते आमच्या घरात आणू नका."

"ती बाई आहे का अजून तिथं?"

"हाय. पिशवी भरतीया."

"दे तिच्याकडं फोन. मी सांगतोय, दे."

त्यानं कुरकुरत दिला. पलीकडं कुणाचा तरी श्वास ऐकू आला. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. म्हणालो, "बाई, तो प्रोग्राम लिहिणारा मीच. तो चुकीचा आहे. तुमचं काही चुकलेलं नाही."

"ते मला ठावं हाय, साहेब," ती म्हणाली. "मला कशाला सांगताय?"

मी काही बोलायच्या आत वीरसेननं तिच्या हातातला फोन काढून घेतला. "चला, आटपा लवकर," तो तिला म्हणत होता, तेवढं ऐकू आलं.